एका चुलीचा दाखला

महानंदाच्या पहिल्या पुण्यस्मरणाला सगळे पाहुणे आले आणि सगळ्यांनी शिवानीला मार्क विचारले.

मल्लिकार्जुनला, महानंदाच्या नवऱ्याला, त्याचं नवल वाटलं नाही. सकाळी शेतातल्या समाधीवर जंगम अय्यांनी पूजा केली, बेल वाहिला, सगळ्यांच्या कपाळाला भस्म लावलं. तेवढा अर्धा तास माणसं गप्प उभी होती. मग बांधावरून घराकडं परतताना अय्यांनीच सुरुवात केली.

"मुलीला सीईटीत किती पडले म्हणं?"

"एकशे एकोणचाळीस."

"मग आयटीला घाला. लई स्कोप हाय."

अय्यांचा स्वतःचा मुलगा असंच काहीतरी स्कोपवालं शिकून तीन वर्षं घरी बसला होता. पण आत्ताच ज्यांच्या पाया पडलो त्यांना असं विचारता येत नाही, म्हणून मल्लिकार्जुन म्हणाला, "हाव, बगू."

स्कोप हा शब्द त्यांच्या भागात कुणी आणला कोण जाणे. भूकंपाच्या आधी तो नव्हता. तेव्हा लोक सरळ विचारायचे, नोकरी लागंल का? त्याला 'न्हाई' असंही उत्तर मिळायचं. मग लातुरात क्लास निघाले, क्लासच्या मागं पोरं आली, पोरांच्या मागं आईबाप आले आणि त्यांच्याबरोबर हा शब्द आला. स्कोपचं बरं असतं. तो कशालाही असतो, आणि नंतर नसला तर सांगणाऱ्याला कुणी धरत नाही.

मल्लिकार्जुनची लातुरात क्लासच्या पोरांची मेस होती. आठ वर्षांत त्यानं आणि महानंदानं पाचशेच्या वर होणाऱ्या डॉक्टरांना जेवू घातलं. त्यातले झालेले दोघं पेढे घेऊन आले होते. बाकीच्यांचं काय झालं ते कळलं नाही, कारण न होणारे निरोप घेत नाहीत. एक दिवस फक्त त्यांचा डबा मांडणीवर तसाच राहतो. या एवढ्या अनुभवामुळं गावाकडं त्याला शिक्षणातला जाणता समजत. त्याला स्वतःला एवढंच कळत होतं की परीक्षेच्या आदल्या दिवशी वरण जास्त उरतं.

दुपारच्या पंगती थोरल्या भावाच्या, शिवमूर्तीअण्णाच्या घरी होत्या. अण्णाचं घर म्हणजे पुनर्वसनातलं घर. भूकंपात जुनं गाव बसलं, त्यानंतर किल्लारीच्या आजूबाजूला अशी गावं आखून वसवली. एका ओळीत एकसारखी घरं. पहिली दोन वर्षं माणसं स्वतःचं घर ओळखायला दाराला बैलाचा गोंडा बांधायची.

पंगती उठल्या. शंभर माणसांनी न्हाणीपाशी हात धुतले आणि ते पाणी बाहेर जायचं सोडून उलटं घरात आलं. अण्णाची बायको गौरम्मा खराटा घेऊन आली आणि सवयीनं पाणी मागं लोटू लागली. लोटता लोटता म्हणाली, "बसा समदे. उद्या फॉर्मची शेवटची तारीख हाय न्हवं? आजच ठरवून टाकू."

"तर काय," अण्णा म्हणाला. "पोरगी काय एकट्या मल्लूची हाय? आपल्या समद्यांची हाय."

महानंदा आठ महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा ती मात्र एकट्या मल्लूचीच होती. मल्लिकार्जुननं सतरंजी पसरली आणि बसला.

बसले ते इतकेच. अण्णा, गौरम्मावैनी, त्यांचा मुलगा सोमेश आणि महानंदाचा भाऊ संगाप्पा. संगाप्पाचं देगलूरला भांड्यांचं दुकान होतं. बहिणीच्या पुण्यस्मरणाला त्यानं प्रसादासाठी स्टीलचा गंज आणला होता, त्यावर दुकानाचं नाव आतून-बाहेरून घातलेलं होतं. शिवानी आत मावशांना पानं वाढत होती. ठरायचं होतं ते तिचंच, म्हणून तिला कुणी हाक मारली नाही.

"माझं ऐका," वैनी म्हणाली, "डी.एड. करा. दोन वर्सात मास्तरीण. घरापसी शाळा, दुपारच्याला घरी, मे म्हैना सुट्टी. सासरचे बी खूश."

"डी.एड.?" संगाप्पानं सुपारी गालात सरकवली. "एकशे एकोणचाळीस मार्क घेऊन डी.एड.? वैनी, तुम्ही बी लई मागं हाव. आयटी म्हणा. आमचा विरेश बगा, पुण्याला. कंपनीची गाडी दारात येती न्यायाला."

"येती ते ऐकलं," मल्लिकार्जुन म्हणाला. "सोडती कवा? दिवाळीला बी आला न्हाई म्हणून राहिले होते तुम्ही."

"काम असतंय दाजी. अमेरिकेचं काम. त्यांना दिवाळी नसती."

विरेशसाठी संगाप्पाच्या डोळ्यासमोर शिवानी होती, हे सतरंजीवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. मामाच्या घरी भाची द्यायची रीतच होती. नवरा आयटीत, बायको आयटीत, पुण्यात एकच भाडं. मामानं भाचीचं भविष्य बरंच लांबवर पाहिलं होतं, अगदी स्वतःच्या नातवंडांपर्यंत.

"डी.एड.," वैनी म्हणाली.

"आयटी," संगाप्पा म्हणाला.

असं बराच वेळ चाललं. मल्लिकार्जुन मान हलवत राहिला. खरं सांगायचं तर त्याला डी.एड.चं काही वाईट वाटत नव्हतं. लातुरातच कॉलेज होतं.

तेवढ्यात शिवानी ओले हात ओढणीला पुसत बाहेर आली. काखेत प्लास्टिकची फाईल होती.

"फॉर्म मी भरलाय," ती म्हणाली. "पेन्सिलीनं. पप्पांची सही तेवढी राहिली."

"काय भरलंस गं बाई?" वैनीनं विचारलं.

"सिविल. पहिल्या नंबरला नांदेडचं कॉलेज."

इतका वेळ भांडणारे वैनी आणि संगाप्पा एकमेकांकडं पाहू लागले, आणि मल्लिकार्जुनच्या लक्षात आलं की त्या दोघांची युती झाली.

"सिविल म्हंजी ते विटा-सिमिट?" वैनी म्हणाली. "उन्हात? गवंड्यांच्या मागं?"

"सिविलला स्कोप न्हाई शिवानी," संगाप्पा समजावणीच्या सुरात म्हणाला. "मामा म्हणून सांगतो. कंप्युटर मिळून राहिलाय आन् कुणी सिविल घेतं का? सिविलला स्कोप होता त्र्याण्णवला. आता समद्यांची घरं बांधून झाली."

"आता दुसरा भूकंप झाला तरच," सोमेश म्हणाला आणि हसला.

दुसरं कुणी हसलं नाही. त्या रात्री जुन्या घरात सोमेशची आज्जी गेली होती. सोमेश तेव्हा पंधरा वर्षांचा होता. अण्णानं त्याच्याकडं पाहिलं तसा तो सतरंजीची दशी ओढू लागला.

शिवानी खाली बसली. "काकू, एक विचारू? दिवसातून किती येळा खराटा घेता?"

"कशाला?"

"ह्या पाण्याला."

"कोण मोजतं माय. हात धुतले की घ्यावा लागतो. दहा वर्सं झाली, लोटूनच राहिले."

"बाहीर जायचं सोडून आत कामून येतं?"

"उतारच आत हाय त्याला काय करता."

"कुणी ठिवला?"

"विंजिनेरानं. आन् कुणी?"

"त्याला एकशे एकोणचाळीस पडले नसतील," मल्लिकार्जुन म्हणाला.

"किती बी पडले असतील पप्पा. त्यानं हजार घरं एका मापानं बांधली आन् एका बी बाईला विचारलं न्हाई, बाई, पाणी कुठून जाऊ देऊ. मम्मी हितं होती तवर तिनं लोटलं. आता काकू लोटतात. मला एवढंच शिकायचंय, पाणी कुठून काढायचं."

वैनीनं हातातला खराटा भिंतीला टेकवला. तिला हे पटलं असावं. शिवानी तिथंच थांबली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण ती महानंदाची मुलगी. तिला जिंकल्यावर आणखी एक कारण द्यायची खोड होती.

"आन् स्कोपचं म्हणाल, तर जेईच्या, सरकारी ज्युनिअर इंजिनिअरच्या, जागा निघतात. भूकंपग्रस्ताला त्यात राखीव असतात. आपल्याकडं दाखला हाय."

अण्णानं मांडी बदलली.

"दाखला सोमेशसाठी ठिवला हाय," तो म्हणाला.

"कुणी ठिवला काका?"

"ठरलं हाय तसं."

"कवा?"

"कवाचंच."

मल्लिकार्जुननं भावाकडं पाहिलं. कधी ठरलं हे त्यालाही आत्ताच कळत होतं.

भूकंपग्रस्ताचा दाखला एका घराला एक, आणि त्याचा फायदा घरातल्या एकालाच. गावात बहुतेक भावाभावांकडं दोन-दोन दाखले होते. मल्लिकार्जुनच्या घरात, मिटकऱ्यांकडं, एकच होता, आणि तो का एकच होता हे त्या घरात मोठ्यानं बोलत नसत.

भूकंपानंतर तलाठी कागद घेऊन तंबूतंबूतून फिरत होता. जितक्या चुली तितकी कुटुंबं, जितकी कुटुंबं तितकी घरं, असा हिशेब होता. गावातल्या शहाण्या माणसांनी दोन चुली सांगितल्या, तीन सांगितल्या. एकानं तर रुसून माहेरी गेलेल्या सुनेची चूल वेगळी दाखवली. तलाठी मिटकऱ्यांच्या तंबूत आला, तेव्हा मल्लिकार्जुनचे वडील, आप्पा, मान ताठ करून म्हणाले, "आमची चूल एकच."

"आप्पा, दोन ल्योक हायत. नीट आठवा."

"मिटकऱ्यांची चूल फुटत नसती."

तेव्हा दोन वर्षं झाली होती, गौरम्मा आणि महानंदा एकाच घरात दोन चुलींवर रांधत होत्या. एक पूर्वेच्या भिंतीला, एक पश्चिमेच्या. मीठ लागलं तर दोघी शेजारून मागून आणायच्या. हे अख्ख्या गावाला माहीत होतं, तलाठ्यालाही होतं. म्हणून तर त्यानं दोनदा विचारलं. दोन्ही चुली ढिगाऱ्याखाली फुटून पडल्या होत्या आणि आप्पा तंबूत बसून त्या एक करत होते. दोन्ही लेक बाजूला उभे होते. बापाला चारचौघांत खोटं कसं पाडायचं, म्हणून दोघंही गप्प बसले. एक चूल म्हणून एक घर मिळालं, एक दाखला मिळाला. दोन खोल्यांत दोन संसार दोन वर्षं राहिले, मग मल्लिकार्जुन महानंदाला घेऊन लातूरला गेला. आप्पांची अब्रू राहिली. राहायला जागा नव्हती, पण अब्रू राहिली.

"जेई म्हंजी सरकारी नोकरी न्हवं?" संगाप्पानं सुपारी थुंकून तोंड मोकळं केलं. "पर्मनंट?"

"हाव," शिवानी म्हणाली.

"मग सिविल वाईट न्हाई."

"आँ?" वैनीनं कमरेवर हात ठेवले. "आत्ता तर स्कोप न्हाई म्हणून राहिले होते!"

"प्रायव्हेटला न्हाई म्हणलं मी. सरकारीचं येगळं. घरात एक सरकारी असलं की बरं असतं."

"कुणाच्या घरात?" वैनी म्हणाली.

संगाप्पानं नवी सुपारी तोंडात टाकली. अण्णा मात्र पुढं सरकला आणि इतक्या प्रेमानं बोलू लागला की मल्लिकार्जुनला त्याची काळजी वाटली.

"शिवानी, बाळ, मामा पहिल्यांदा म्हणले तेच खरं. आयटी घे. आयटी म्हंजी परदेस. तिथं कुठं दाखला लागतो? तुझ्यासारख्या हुशार लेकराला दाखला म्हंजी कमीपणा हाय."

"आन् सोमेशदादाला?"

"त्याचं काय, तो हुशार न्हाई."

बापानं हे इतक्या सहज म्हटलं की सोमेशनं दशी ओढायची थांबवली.

"तलाठ्याच्या परीक्षेला दोनदा बसलो," तो शिवानीला म्हणाला. मघाच्या हसण्याचं त्याच्या आवाजात काही उरलं नव्हतं. "दोन्ही येळेस थोडक्यात गेलं. आता वय निघून चाललंय. तुला दाखला न्हाई मिळाला तर तू दुसरं कायतरी करशील, शिवे. मला न्हाई मिळाला तर मी हितंच हाय. अव्वासंगं पाणी लोटत."

त्या दुपारी सतरंजीवर कुणी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य असावं. मल्लिकार्जुनला वाटलं, आता काहीतरी बोलायला पाहिजे. मुलीची बाजू घ्यावी तर पुतण्याचा गळा कापला जातो. पुतण्याची घ्यावी तर आप्पांसारखीच चूक, चारचौघांत मोठेपणा करायचा आणि भोगायला लेकराला लावायचं. असं बोलायचं काम महानंदाचं असे.

शिवानीनं फाईल मांडीवर उभी धरली.

"दाखला सोमेशदादाचा," ती म्हणाली. "काका, संमतीचा कागद करा, पप्पा सही करतील. मी जागा निघाल्या तर ओपनमधून बगीन. पण माझ्या फॉर्मला आता कुणी हात लावायचा न्हाई. कुणी म्हंजी कुणीच. कबूल?"

अण्णानं कबूल म्हणायला एक श्वाससुद्धा घेतला नाही.

त्यानंतर जे झालं ते मल्लिकार्जुननं मेसमध्येही कधी पाहिलं नव्हतं. दाखला सुटला आणि सिविलला स्कोप आला. वैनी म्हणाली, औशाच्या रस्त्यावर एक बाईसाहेब येते, डोक्याला पिवळं टोपडं घालून, चाळीस गडी तिला घाबरतात. बायामाणसानं असंच असावं. अण्णा म्हणाला, नांदेड कुठं लांब हाय, गुरुद्वाराला तर आपण जातोच की. अण्णा नांदेडला उभ्या जन्मात एकदा गेला होता, कोर्टात साक्ष द्यायला. संगाप्पाला एकदम आठवलं की उदगीरहून देगलूरची शेवटची चांगली गाडी पाचला आहे. त्यानं चपला शोधल्या, बहिणीच्या फोटोला हात जोडले आणि शिवानीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "शिक बाळा. काय बी शिक." तो फोटोपुढं थोडा जास्त वेळ थांबला, एवढं मल्लिकार्जुननं त्याच्या बाजूनं धरलं.

माणसं पांगल्यावर बापलेक दोघं ओट्यावर बसले. शिवानीनं फॉर्म काढला.

"लातुरातल्या कॉलेजात बी सिविल हाय," मल्लिकार्जुन म्हणाला.

"ते दोन नंबरला टाकलंय."

"एक नंबरला टाक."

"कामून?"

"हॉस्टेलचं जेवण चांगलं नसतं. मेसवाला माणूस सांगून राहिलो मी."

"पप्पा."

"नांदेडला ऊन बी लई असतं."

"पप्पा, आज समद्यांचा एकेक डाव होता. मामाचा, काकाचा, काकूचा. तुमचा काय हाय?"

दुपारभर मल्लिकार्जुन एकेकाच्या पोटातलं ओळखत बसला होता आणि स्वतःवर खूश होता. आपल्याही पोटात काही आहे हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. साठ पोरं जेवून गेली, भांडी घासून झाली की शेवटी दोन ताटं वाढली जात. एक त्याचं, एक तिचं. वर्षभर तेवढ्यावर त्याचं चाललं होतं. डी.एड.चं कॉलेज त्याला म्हणून बरं वाटलं होतं, दोन वर्षं आणखी चाललं असतं.

"डाव कसला," तो म्हणाला. "जेवताना समोर कुणीतरी लागतं मला."

"साठ पोरं असतात की."

"ती माझ्याकडं कुठं बगतात. चपातीकडं बगतात."

शिवानी हसली आणि हसता हसता मान खाली घालून फॉर्मचा कोपरा सरळ करत राहिली. मग म्हणाली, "शनिवारी येत जाईन."

"रविवारी संध्याकाळी मेस बंद असती."

"म्हणूनच. त्या दिवशी मी रांधीन. तुम्ही माझ्याकडं बगत बसा."

तिनं पेन काढलं आणि पेन्सिलीवरून फिरवलं. एक नंबर नांदेड. दोन नंबर लातूर. मग फॉर्म त्याच्यापुढं धरला. पालकाची सही, तारीख. मल्लिकार्जुननं चष्मा लावला, सावकाश सही केली, तारीख टाकली आणि कागद परत दिला.

तिनं तो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"साल चुकलंय पप्पा."

दिवस आजचाच होता, महिना आजचाच. साल त्यानं दोन हजार पाच टाकलं होतं. मागच्या वर्षी याच तारखेला दवाखान्यातल्या कागदावर त्यानं अशीच सही केली होती.

"खाडाखोड चालत न्हाई म्हणून लिवलंय वर," तो म्हणाला. "आता दुसरा फॉर्म कुठून आणायचा?"

"थांबा."

आकडा इंग्रजीत होता. शिवानीनं पेनाचं टोक पाचाच्या उघड्या पोटाशी टेकवलं आणि एका रेघेत ते बंद केलं. सहा झाला.

"दिसतं का, चुकलेलं?" तिनं कागद उजेडात धरून विचारलं.

दिसत होतं, थोडं.

"न्हाई दिसत," मल्लिकार्जुन म्हणाला.